बॉयलरला परीक्षा, सौरला प्रमाणपत्र

साखर कारखान्याचा बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ पश्चिम महाराष्ट्राला नवा नाही. संचालक सपत्नीक पूजेला बसतात, सत्यनारायण होतो, आमदार येऊन गळीत हंगामाला शुभेच्छा देतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्या फोटोत सहसा नसलेला एक माणूस मात्र कारखान्याला असावाच लागतो. त्याच्या नावावर बीओईचं, म्हणजे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं, सर्टिफिकेट असतं. नुसत्या मेकॅनिकलच्या पदवीवर ते मिळत नाही. चालत्या बॉयलरवर ठरावीक काळ काम केल्याचा दाखला आणावा लागतो, मग लेखी परीक्षा, मग तोंडी. गेज ग्लासमध्ये, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसेनासं झालं तर आधी काय करशील, हा त्या तोंडीला शोभणारा प्रश्न. ‘पाणी सोडेन’ म्हणणारा नापास, कारण तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आधी आग तोडायची. हे पुस्तकात आहेच, पण भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडून ते वेगळं येतं आणि परीक्षकाला तो फरक कळतो.

याच बॉयलरच्या वाफेवर बरेच कारखाने साखरेबरोबर वीजही करतात. उसाच्या बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यावर, चालणारी ही सहवीजनिर्मिती सरकारी हिशेबात अक्षय ऊर्जेतच धरली जाते. सौर आणि पवन ज्या तक्त्यात, त्याच तक्त्यात बगॅस. म्हणजे अक्षय ऊर्जेतल्या एका शाखेत माणसाला परीक्षा घेतल्याशिवाय यंत्राजवळ जबाबदार म्हणून उभं करायचं नाही, हे आपण फार पूर्वी ठरवून टाकलं आहे. ते काही कुणाच्या दूरदृष्टीतून झालं नाही. 1863 साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसं मेली, तेव्हा पुढच्या वर्षी बंगालमध्ये कायदा आला. प्रत्येक प्रांताचे वेगवेगळे नियम झाल्यावर 1923 चा अखिल भारतीय कायदा आला. माणसं मेल्यावर शहाणपण, हा आपला नेहमीचा क्रम.

त्याच कारखान्याच्या साखर गोदामावर आता सौर पॅनल बसलेले असतात. त्यांच्या तारांमधून हजार व्होल्टपर्यंत डीसी, म्हणजे एकाच दिशेचा वीजप्रवाह, वाहतो आणि सूर्य वर असेपर्यंत तो कुणाला बंद करता येत नाही. इन्व्हर्टर, म्हणजे त्या डीसीचा आपल्या घरातला एसी प्रवाह करणारं यंत्र, बंद करा, मुख्य स्विच पाडा. पॅनलपासून स्विचपर्यंतची वायर जिवंतच राहते. या प्रकल्पाचं डिझाइन करणारा, तो उभा करणारा आणि तो चालवणारा अभियंता अमुक परीक्षा पास झालेला हवा, असा बॉयलरसारखा कायदा मात्र नाही. वायरमनचा परवाना आहे, विद्युत ठेकेदाराचा परवाना आहे, मोठ्या प्रकल्पाला विद्युत निरीक्षकाची परवानगी आहे. पण ही सगळी व्यवस्था घडली ती एसीच्या काळात, घरगुती आणि कारखान्याच्या वायरिंगसाठी. सौरच्या अभियंत्याकडे बहुधा असतं ते प्रमाणपत्र. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं, ऑनलाइन कोर्सचं, नाहीतर पॅनल कंपनीने हॉटेलात जेवणासकट दिलेल्या प्रशिक्षणाचं. त्यात सहभागी झाल्याचा उल्लेख असतो. नापास कुणीच होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अक्षय ऊर्जेसाठी आपल्याला नवी पदवी नको आहे, आणखी कोर्सही नको आहेत. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिलचा साधा अभियंता घ्या, त्याला वर्षभर चालत्या प्रकल्पावर जुन्या माणसाच्या हाताखाली ठेवा, मग हाताने काम करवून घेणारी परीक्षा घ्या आणि पास झाला तर त्याच्या सहीला कायद्याने किंमत द्या. सहीला किंमत आली की प्रशिक्षणाला आपोआप येईल. उलट्या क्रमाने ते होत नाही, हे आपण गेली दहा वर्षं पाहतो आहोत.

असं काय आहे जे हॉटेलातल्या दोन दिवसांत शिकवता येत नाही? एक हिशेब करून पाहू. पॅनलवर छापलेलं असतं की ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे पुढे काही जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज, 50 व्होल्ट. पुण्यातल्या कुणीतरी 19 पॅनलची एक माळ जोडली, 950 व्होल्ट झाले, इन्व्हर्टरची मर्यादा 1000 ची, पन्नास व्होल्ट हातात आहेत, छान. हेच ड्रॉइंग निफाडच्या द्राक्ष बागायतदाराच्या शीतगृहावर जातं. आता ते 50 व्होल्ट 25 अंश तापमानाचे असतात. पॅनल जितकं गार, तितकं व्होल्टेज जास्त; दर अंशाला साधारण 0.27 टक्के. निफाडला थंडीत पारा पाच अंशांवर उतरणं ही बातमी दर दोन-चार वर्षांनी येतेच. सकाळी ऊन पडतं, पॅनल अजून गारच असतं. वीस अंशांचा फरक, म्हणजे 5.4 टक्के, म्हणजे एका पॅनलचे 52.7 आणि एकोणिसांचे 1001 व्होल्ट. मर्यादा ओलांडली. इन्व्हर्टर लगेच जळेलच असं नाही. कदाचित दोन हिवाळे काढेल. पण जळेल तेव्हा कंपनी त्याच्या मेमरीतली नोंद काढून दाखवेल आणि वॉरंटी नाकारेल. अठरा पॅनलची माळ केली असती तर प्रश्नच नव्हता.

हे गणित बारावीच्या मुलालाही जमेल. प्रश्न गणिताचा नाहीच. ते करायचं असतं हे सुचणं, आणि निफाडची जानेवारीतली सकाळ डोळ्यांपुढे येणं, हा अभियंत्याचा भाग. चंद्रपूरला हेच उलटं होतं. मे महिन्यात पत्र्यावरच्या पॅनलचं तापमान सत्तरीला टेकतं आणि 500 वॉटचं पॅनल सव्वाचारशेच्या आसपास येतं. मालकाला आधी सांगितलेलं नसेल तर तो म्हणतो फसवलं, आणि त्याचं चूक नसतं.

वाऱ्याचंही तसंच. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, मुंबईसाठी 44. पाचाचाच फरक म्हणून सोडून देण्यासारखा वाटतो. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे मुंबईत तो सव्वापटीहून जास्त. आपल्याकडे गच्ची वापरता यावी म्हणून पॅनलचा सांगाडा आठ-दहा फूट उंच करण्याची पद्धत पडली आहे. खाली कपडे वाळतात, पापड वाळतात, हळदी-कुंकू होतं. उंच केलेल्या पॅनलखाली वारा शिरतो आणि ते वर उचलतो. स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकले तर वॉटरप्रूफिंग जातं, म्हणून नुसते काँक्रीटचे ठोकळे ठेवायचे. किती वजनाचे? इथे सिव्हिलच्या माणसाने आकडा काढून द्यायला हवा. प्रत्यक्षात फॅब्रिकेटर ‘साहेब, हलणार नाही’ म्हणतो आणि काम पुढे जातं.

आणि कनेक्टर. पॅनलच्या दोन वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा बोटभर तुकडा. त्याच्या आतली धातूची पिन वायरवर क्रिम्पिंग टूलने दाबायची असते. ते टूल स्वस्त नसतं, आणि पक्कड तर खिशात असतेच. पक्कडीने दाबलेली पिन पहिल्या दिवशी मीटरला अगदी बरोबर दिसते. मग दिवसा गरम, रात्री गार, असं रोज होत ती सैल पडते, तिथे रोध वाढतो, प्लॅस्टिक तपकिरी होतं आणि एखाद्या दुपारी ठिणगी धरते. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगीला विझायला जागा मिळते. डीसीला शून्य नाही. ती ठिणगी वायर वितळवत जळत राहते. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर ‘बसतायत की’ म्हणून एकमेकांत खोचणं हा याच जातीतला दुसरा प्रकार. साइट इंजिनिअरने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने शंभर पिना दाबलेल्या असाव्यात, ओढून पाहिलेल्या असाव्यात, त्यातल्या खराब कापून टाकलेल्या असाव्यात. म्हणजे मग छतावर गेल्यावर मजुराच्या हातातली पक्कड त्याला दिसेल. एरवी समोर असून दिसत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. 2015 पासून गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली सूर्यमित्र कार्यक्रम चालला. दहावी आणि आयटीआय झालेल्या मुलामुलींसाठी, तीन महिने, सहाशे तास. कल्पना चांगलीच होती आणि चांगल्या केंद्रांतून चांगली मुलं बाहेर पडली. पण तो तंत्रज्ञांसाठी. वरच्या टोकाला आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी ऊर्जा विज्ञानाचं एमटेक, पीएचडी. मधला, म्हणजे तंत्रनिकेतनातून किंवा जिल्ह्याच्या कॉलेजातून बाहेर पडून थेट साइटवर जाणारा अभियंता, कुणाच्याच हिशेबात नाही. सूर्यमित्राने विचारलं ‘सर, हे असं का?’ तर या सरांना त्याच्याहून कमी माहीत असतं. मग सर आवाज चढवतात.

कॉलेजात याला काय शिकवलेलं असतं? अपारंपरिक ऊर्जास्रोत नावाचा एक ऐच्छिक विषय. पाच युनिट: सौर, पवन, जैव, भूऔष्णिक, सागरी. समुद्राच्या तापमानातल्या फरकावर वीज बनवण्याच्या संयंत्राची सुबक आकृती आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पेपरात काढून मार्क मिळवले आहेत. असं संयंत्र रोज ज्याला पाहावं लागतं असा माजी विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. उलट ज्या इन्व्हर्टरवर त्याचं पोट चालणार, तो प्रयोगशाळेत नसतो, आणि असला तर काचेच्या कपाटात.

या दुर्लक्षाची किंमत आता गच्चीपुरती राहिलेली नाही. 9 ऑगस्ट 2019 ला इंग्लंडमध्ये वीज कोसळली. एका वाहिनीवर क्षणिक दोष आला आणि निघूनही गेला. पण त्या धक्क्याने समुद्रातल्या हॉर्नसी पवन प्रकल्पाच्या नियंत्रण यंत्रणेत व्होल्टेजची आंदोलनं सुरू झाली आणि तो 737 मेगावॉट टाकून बसला. एक गॅसचं केंद्रही त्याच सुमारास गेलं. अकरा लाख ग्राहक अंधारात, लंडनच्या आसपासच्या रेल्वेगाड्या तासन्‌तास जागच्या जागी. यंत्र कुठलंच मोडलं नव्हतं. नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून दुरुस्ती झाली. जुन्या वीज केंद्रात शेकडो टनांचं फिरतं वजन असतं, ते चुका पोटात घालतं. इन्व्हर्टरचं वागणं मात्र कुणीतरी लिहिलेल्या आज्ञावलीप्रमाणे. भारताची निम्मी स्थापित क्षमता 2025 च्या मध्यापर्यंत बिगर-जीवाश्म झाली, त्यातला वाढता वाटा इन्व्हर्टरमार्गेच येतो. तो सेट करणाऱ्या मुलाला सेटिंगचा अर्थ माहीत असायला हवा, ही अपेक्षा फार नसावी.

खराब कामाचा परिणाम कुणी मोजला आहे का? मोजला आहे. आयआयटी मुंबईतलं राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्र आणि सौर ऊर्जा संस्था यांनी मिळून 2013 पासून देशभर ठिकठिकाणी जाऊन बसवलेल्या पॅनलची पाहणी केली. उष्ण प्रदेशातली पॅनल लवकर घसरतात, हे अपेक्षितच होतं. पण मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या आणि छतावरच्या संचांची घसरण जास्त आहे, हेही पुढे आलं. ऊन तेच असताना हा फरक पडतो तेव्हा शंका येते ती पॅनल निवडणाऱ्यावर, वाहून नेणाऱ्यावर आणि बसवणाऱ्यावर. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पॅनल डोक्यावरून नेताना किंवा त्यावर पाय देताना पडतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 75,021 कोटी रुपये खर्चून एक कोटी घरांवर सौर संच बसवायचे आहेत. हे सगळे छोटे संच आहेत.

यावर उद्योगातली माणसं म्हणतात की इतका वेग असताना वर्षभर कुणाला शिकवत बसणार. काम करता करता शिकतात. तसं म्हटलं तर मीही कामावर शिकण्याच्याच बाजूचा आहे. पण कामावर शिकायला तिथे शिकवणारा लागतो. ठेकेदाराचा पोटठेकेदार, त्याचा लेबर कॉन्ट्रॅक्टर, आणि वर एकटा तेवीस वर्षांचा साइट इंजिनिअर, ज्याच्याकडे तीन साइट आणि एक मोटरसायकल. तो शिकतो ते एकच, बिल कसं पास करून घ्यायचं.

पवन ऊर्जेच्या जन्मकथेत याचा उत्तम दाखला आहे. डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावी पॉल ला कूर नावाचे शिक्षक एका लोकशाळेत शिकवत. 1891 मध्ये त्यांनी तिथे पवनचक्कीपासून वीज करायला सुरुवात केली. पण ते यंत्रावर थांबले नाहीत. गावोगावी अशा चक्क्या उभ्या राहायच्या तर त्या सांभाळणारी माणसं हवीत, म्हणून 1904 च्या सुमारास त्यांनी खेड्यातल्या तरुणांसाठी ‘पवन वीजतंत्री’ घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला. त्या पोरांमध्ये योहानेस यूल होता. तो पुढे वीज कंपनीत अभियंता म्हणून राबला आणि पन्नास वर्षांनी, 1957 मध्ये, गेडसरला तीन पात्यांची 200 किलोवॉटची पवनचक्की उभारली. ती फारशी देखभाल न मागता दहा वर्षं चालली, आणि आज साताऱ्याजवळच्या वनकुसवडेच्या पठारावर फिरणाऱ्या तीन पात्यांच्या चक्क्यांचं कूळ थेट तिच्यापर्यंत जातं. याउलट 1983 मध्ये जर्मनीने कागदावर सर्वांत प्रगत अशी तीन मेगावॉटची ग्रोवियान उभी केली. ती काही शे तास चालली आणि मोडीत काढली गेली. साहित्याला तडे जात होते हे कारण खरंच. पण लहान यंत्रं सांभाळत मोठ्याकडे जाण्याची पायरीच तिथे गाळली होती, असं माझं मत आहे.

पवनवाल्यांनी अलीकडे आणखी एक गोष्ट केली, जी सौरवाल्यांना सहज करता येईल. जगातल्या चक्की बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांनी 2012 मध्ये एकत्र येऊन ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन स्थापन केली आणि सुरक्षेचा समान अभ्यासक्रम ठरवला: प्रथमोपचार, आग, उंचीवरचं काम वगैरे. त्याचं प्रमाणपत्र दोन वर्षांत संपतं. पुन्हा दोर बांधून उतरून दाखवायचं. हा भाग मला सर्वांत पटतो. आपल्याकडे एकदा मिळालेलं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं ते निवृत्तीपर्यंत.

परवाना म्हटलं की दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त खरा आहे: आणखी एक खिडकी, आणखी एक पाकीट. परवाने देणाऱ्या अनुज्ञापक मंडळांचा अनुभव असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ठेकेदाराकडे परवाना एकाचा, सही दुसऱ्याची आणि काम तिसऱ्याचं, हा प्रकार वीज क्षेत्रात नवा नाही. बॉयलरच्या व्यवस्थेतही सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असा माझा दावा नाही. पण तिथे एक गोष्ट आहे: बॉयलर फुटला तर पहिला कागद काढला जातो तो त्या माणसाचा, आणि हे त्या माणसाला रोज माहीत असतं. म्हणून पाण्याची पातळी कमी असताना मॅनेजरने ‘चालू ठेवा’ म्हटलं तर तो नाही म्हणू शकतो. सौरच्या साइट इंजिनिअरला नाही म्हणायला कुठलाच आधार नाही. तो मेगर लावून इन्सुलेशन तपासतो, आकडा वाईट येतो, आणि वरून फोन येतो की परवा नेट मीटर बसायचा आहे, रिपोर्टमध्ये बरोबर आकडा टाक. तो टाकतो. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही टाकला असता. पगार पंधरा-वीस हजार आणि बाहेर रांग उभी.

खर्चाचा प्रश्न खरा तर इथेच अडतो. एका कंपनीने मुलगा शिकवला की दुसरी दोन हजार जास्त देऊन पळवते, म्हणून कुणीच शिकवत नाही. एकट्या कंपनीला हे सोडवता येणार नाही. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, पदवी आणि पदविकाधारकांनाही तो लागू आहे, विद्यावेतनाचा काही भार केंद्र उचलतं. फक्त सौरच्या निविदांमध्ये त्याचा पत्ता नसतो. निविदेत पॅनलची कार्यक्षमता दशांशापर्यंत लिहिलेली असते, माणसाबद्दल ‘पात्र कर्मचारी’ एवढंच.

आणि महाराष्ट्राला याची सुरुवात करायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून 16,000 मेगावॉट उभे करायचे आहेत, तेही एका वाळवंटात नव्हे, तर राज्यभरच्या उपकेंद्रांजवळ, काही-काही मेगावॉटच्या तुकड्यांत. गायरानावर कुंपण, आत पॅनल, दाराशी वॉचमन, आणि चार तालुक्यांचा मिळून एक इंजिनिअर, असं त्याचं रूप होऊ शकतं. किंवा असंही होऊ शकतं की प्रत्येक जिल्ह्यातला एक प्रकल्प शिकण्याचा म्हणून राखून ठेवला, महावितरणचा एखादा निवृत्त अतिरिक्त कार्यकारी अभियंता आणि एखादा मुरलेला जनमित्र, म्हणजे लाइनमन, तिथे शिकवायला बसवला, आणि ठेकेदाराने नेमलेल्या प्रत्येक शिकाऊ अभियंत्याने वर्षातले काही महिने तिथे काढले. पावसाळा तिथे काढलाच पाहिजे. पाणी शिरलेला जंक्शन बॉक्स एप्रिलमध्ये दाखवता येत नाही. शेवटी परीक्षा, मराठीतून देता येईल अशी, ज्यात मुद्दाम बिघडवलेली माळ समोर ठेवून ‘यातला दोष शोध’ म्हणायचं. घेणारी संस्था राज्य सरकारची महाऊर्जा असो, विद्युत निरीक्षक असो, नाहीतर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने साखर धंद्यासाठी जे केलं त्या धर्तीवर उद्योगाने स्वतः उभारलेली असो. मला तिसरा पर्याय बरा वाटतो, कारण नापास करण्याची हिंमत सरकारी खात्यापेक्षा ज्यांचा पैसा बुडतो त्यांच्यात जास्त असते.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे अजिबात दूरचं नाही. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत त्याने दहा टक्के स्वतःचे भरलेले असतात. पंप बंद पडतो, ड्राइव्हवर, म्हणजे पंपाच्या नियंत्रण पेटीवर, इंग्रजीत कसलासा कोड लुकलुकतो, तो नंबर लावतो आणि पलीकडून उत्तर येतं, ‘ऑफ करून ऑन करा.’ तो करतो. मग तिकीट नंबर मिळतो. गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं असतं आणि सात दिवसांनी जो येतो तो पॅनल पुसून जातो. निविदेत ‘पात्र कर्मचारी’ या दोन शब्दांच्या जागी पास झालेल्या अभियंत्याचं नाव, त्याचा नोंदणी क्रमांक आणि त्याने किती तासांत शिवारात पोचायचं ते लिहिणं, हे काम ऊर्जा विभागाच्या अखत्यारीतलं आहे. त्यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या निविदेच्या मसुद्यात ती ओळ घालता येते.